घंटेच्या मागची पोकळी

“धागा जाईना,” गंगासागरबाई म्हणाल्या.

कुणी मनावर घेतलं नाही. ऐंशी ओलांडलेल्या बाईचा हात थरथरणार, धागा चुकणार, त्यात नवल कसलं? परळीच्या धाकट्या मठात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची गर्दी होती आणि प्रत्येकीला घरी जाऊन उपास सोडायची घाई होती.

चौरंगावर लाल कापडात गुंडाळलेला नंदीदांडा उभा होता. हातभर लांब, शिसवीचा, चहूबाजूंनी कोरलेला. कोरलेला आहे हे सगळ्यांनी ऐकलेलं, पाहिलेलं जवळजवळ कुणीच नाही. दांडा वर्षभर पेटीत असायचा आणि बाहेर आला तरी कापडात. वर्षातून एकदा समाजातल्या सगळ्यांत वयस्क बाईनं कापडाखाली हात घालून घरोघरचा हळदीचा धागा त्याला बांधायचा. तेवढा वेळ पुरुषांनी पाठ फिरवून उभं राहायचं. तिसऱ्या दिवशी पुजाऱ्यानं धागा कापून पाण्यात सोडायचा. ही रीत कुणी घातली ते कुणी विचारत नसे, आणि विचारलंच तर मोठी माणसं डोळे वटारत.

“आगं, जाईना म्हंते ना मी!” गंगासागरबाईंचा आवाज चढला.

“लाकडाचं मेण धाग्याला चिकटत आसंल, आजी,” मागून एक बाई म्हणाली.

“मेण-बिण काही न्हाई,” पाठमोरे गुंडप्पा गरजले. “मुंजाजीनं दांडा बदललाय. मला तवाच वाटलंतं.”

मग ते वळले, ताडताड चौरंगापाशी आले आणि सगळ्या बायांना मागे सारून त्यांनी कापड ओढलं. धाग्याचा गुंडा हातात धरून उभी असलेली शिवांजलीही त्या रेट्यात भिंतीशी ढकलली गेली. तिला दिसली ती फक्त वडिलांची पाठ.

गुंडप्पा हे मठाचे वहिवाटदार, मोंढ्यातले बडे व्यापारी आणि शिवांजलीचे वडील. त्यांचा शब्द म्हणजे निकाल. तासाभरात फौजदार आले, दांडा जप्त झाला, आणि म्हाताऱ्या मुंजाजी सुताराला त्याच्या ओसरीवरून उचललं. पाडव्याच्या आधी नंदीचा तुटका कान बसवायला दांडा आठ दिवस त्याच्याकडे होता. असा दांडा हाताने कोरू शकणारा अख्ख्या बीड जिल्ह्यात तो एकटाच होता. एवढा पुरावा परळीला पुष्कळ झाला.

शिवांजलीला मात्र रात्रभर डोळा लागला नाही. पेन्सिल कशी धरायची हे तिला मुंजाजीकाकांनी शिकवलं होतं.

*

सकाळी ती डबा घेऊन ठाण्यात गेली. मुंजाजी बाकावर बसला होता. अंगात कालचाच सदरा, नजर जमिनीवर.

“काका, भाकरी खा.”

“भूक न्हाई.”

“तुम्ही बोलत का नाही? सांगा ना त्यांना, तुम्ही नाही केलं म्हणून.”

मुंजाजीनं तिच्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग मान खाली घातली.

फौजदार धोंडीराम सानप दाराशी येऊन उभे राहिले. पोट सुटलेला, आवाजाने कडक, मनाने तितका नसलेला माणूस. “कालपासून असंच चाललंय, ताई. मी इचारतो, म्हातारं मुकं. उद्या कोर्टात उभं करायचंय. आडुसष्ट वय हाय त्याचं. ह्या वयात आत गेलं की मानूस बाहेर येतच न्हाई, मला बी कळतंय. पर तुमच्या वडलांनी नाव घेऊन तक्रार दिलीय.”

“मला तो दांडा बघता येईल?”

“तुमाला कावून?”

“माझं कामच ते आहे, साहेब. कोरीव कामाचं.”

सानपांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि कपाटातून दांडा काढून ठेवला.

शिवांजलीनं दांडा दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला. पाच नंदी, वेलीच्या पानांत बसलेले, दांड्याभोवती फेर धरल्यासारखे. पुढच्या नंदीच्या गळ्यात घंटा. तिनं अंगठा वेलीच्या देठावरून खाली आणला. देठाच्या कडेनं केसाएवढी एक रेघ सरळ खालपर्यंत गेली होती. डोळ्याला दिसत नव्हती, अंगठ्याला लागत होती.

ती रेघ तिची होती.

“काय झालं?” सानपांनी विचारलं.

खोटं बोलणं तिला जमत नसे. “साहेब, हा हातानं कोरलेला नाही. मशीननं कोरलाय. माझ्या मशीननं. मीच कोरलाय.”

सानप खुर्चीत बसले. “परत म्हना.”

“वैशाखात ऑर्डर होती. लातूरच्या हॉटेलाचा शोभेचा खांब म्हणून. मठाचा दांडा मी जन्मात बघितला नव्हता, मग ओळखणार कुठून?”

“ऑर्डर कुनी दिली?”

“तेच शोधायचंय. संध्याकाळपर्यंत वेळ द्या.”

“आन तुमी पळून गेल्या तर?”

“माझं घर तुम्हाला माहीत आहे. तक्रारदाराचंच आहे.”

सानप पहिल्यांदा हसले, पण ते काही बरं हसणं नव्हतं.

*

स्टेशनरोडवरच्या गाळ्यात शिवांजलीचं जग होतं. एक कॉम्प्युटर, एक कोरीव कामाचं मशीन आणि त्यांच्यावर रोज सकाळी बसलेला थर्मल वीजकेंद्राच्या राखेचा थर. ती रोज पुसायची, राख रोज यायची. राज्याला वीज पुरवणाऱ्या गावात तिच्या गाळ्याची वीज दिवसाचे सहा-सहा तास गायब असायची, आणि त्यावर रागावण्याचंही आता गावानं सोडून दिलं होतं.

दोन हजार पाच साल होतं. जगाचे दरवाजे उघडलेत, म्हणे. उघडले असतीलही. परळीत त्यातून मोबाइल आला, शांपूच्या पुड्या आल्या आणि हे मशीन आलं. ओंडका आडवा लावायचा. मशीन तो हळूहळू फिरवतं आणि वरून सुई त्याला टोकरत जाते. पण मशीनला मूर्ती कळत नाही. मूर्तीची आधी मेश लागते, म्हणजे हजारो बारीक त्रिकोणांची जाळी. ती जाळी शिवांजली उलगडायची. डालड्याच्या डब्यावरचा कागद सोलून टेबलावर पसरावा तसा गोल आकार पडद्यावर सपाट पसरायचा: उंच ते पांढरं, खोल ते काळं. याचं नाव रोटरी रिलीफ. कागद जिथं सोललाय तिथं शेवटी जोड येणारच. ती तो जोड नेहमी वेलीच्या देठाशी लपवायची. ही तिची सवय. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणि एक गोष्ट ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. मशीन फक्त बाहेरचं कातडं बघतं. वस्तूच्या मागे दडलेली पोकळी त्याला दिसत नाही. हाताच्या आणि कमरेच्या मधली फट, फुलामागची जागा, सगळं बुजून भरीव होतं.

तिचा चुलतभाऊ बसवेश मशीन चालवायचा. तो ओंडका घासत बसला होता.

“बसवेश, वैशाखातली नंदीची ऑर्डर आठवते?”

“त्या हॉटेलाची? हाय की.”

“सीडी कुणी आणली?”

“टेबलावर व्हती. सकाळी आलतो तर व्हती.”

“माझ्या जॉबकार्डावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, ‘घंटेमागची पोकळी बुजली तरी चालेल.’ मी विचारलं होतं, गिऱ्हाइकाला विचारून घे म्हणून. कुणाला विचारलंस?”

बसवेशचा हात थांबला. “गुंडप्पाकाकाला. काका म्हनले, गिऱ्हाइकाचा फोन आलता, बुजू दे.”

“नक्की माझ्या अप्पांनीच?”

“खोटं कावून बोलू? खांब तयार झाल्यावर गाडीत बी काकानंच ठिवला.” त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “काय झालंय, शिवा?”

“गिऱ्हाईक तू बघितलंस?”

“न्हाई.”

गिऱ्हाईक कुणीच पाहिलं नव्हतं. शिवांजलीनं कपाट उघडलं. सीडीच्या पाकिटावर हैदराबादच्या एका दुकानाचा शिक्का होता. खऱ्या वस्तूवर प्रकाश फिरवून तिची जाळी करून देणारं दुकान. म्हणजे मूळ दांडा हैदराबादला गेला होता. वैशाखात अप्पा तीन दिवस हैदराबादला होते, मशीनचा सुटा भाग आणायला. भाग आणलाही होता.

पण अप्पांना कुणी फसवलं असेल तर? कुणा तिसऱ्यानं पेटी उघडून दांडा दिला असेल, हॉटेलाचं निमित्त सांगून त्यांनाच वापरलं असेल तर? मुलीचं मन, ते पळवाट शोधणारच. ती पळवाट घेऊन शिवांजली मठात गेली.

*

पुजारी योगीराज स्वामी ओट्यावर बेलाची पानं निवडत होते.

“पेटीच्या किल्ल्या किती, स्वामी?”

“दोन. एक माझ्याकडं, एक तुझ्या वडलांकडं.”

“मुंजाजीकाकांनी दांडा परत दिला तेव्हा तुम्ही पाहिला?”

“मीच घेतला की हातात. कापडात गुंडाळून पेटीत बी मीच ठिवला. कान असा बसिवलता, सांधा शोधून बी सापडंना.”

“तो खरा होता?”

“लेकी, धा वरसं त्याचा धागा मी कापतोय. मला कळणार न्हाई?” योगीराजांनी पान खाली ठेवलं. “घंटेच्या मागं पिवळं सूत अडकून ऱ्हातं. कापलं तरी जरासं ऱ्हातंच. मुंजाजीनं ते दाभणानं काढून झाक साफ करून दिलतं. मीच त्याला शाबासकी दिली.”

शिवांजली उठता उठता परत बसली.

“घंटेच्या मागं? धागा घंटेच्या मागून जातो?”

“मग कुठून? घंटा आन मान ह्यांच्या मधून ववायचा असतुया. म्हातारी त्यालाच तर रडत व्हती काल, जाईना म्हणून.”

“हे फौजदारांना का नाही सांगितलंत?”

“इचारलं कुनी? तुझ्या वडलांनी येकट्यानीच सांगितलं सगळं.”

“आणि हे कुणाकुणाला माहीत आहे?”

“ववणाऱ्या बाईला आन कापणाऱ्या मला. बायांना दांडा दिसत न्हाई, पुरुषांना ववणं दिसत न्हाई. बाकीच्यांना वाटतं, राखीवानी बांधत्यात.”

तिला कालचा प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे आला. पाठमोरे अप्पा. मेण-बिण काही न्हाई. ती उठली आणि थेट ठाण्यात सानपांकडे गेली.

*

चार वाजता सानपांनी सगळ्यांना मठात बोलावलं. गुंडप्पा रुमालानं कपाळ पुसत आले. बसवेश आला. गंगासागरबाईंना हाताला धरून आणलं आणि आत कोपऱ्यात बसवलं. मुंजाजी दोन शिपायांच्या मधे खांबाला टेकून बसला. दांडा चौरंगावर उघडा ठेवला होता.

“हा काय तमाशा, फौजदार?” गुंडप्पा म्हणाले. “आन पोरीला कावून मधे घेतलंय?”

“पाच मिंटं, शेठ. एक साधं काम हाय. स्वामी, मुंजाजी, बसवेश आन तुमी, चौघांनीबी एकेकानं आत यायचं. बाकीचे अंगणात.”

शिवांजलीच्या हातात हळदीचा धागा होता. आधी योगीराज स्वामींना बोलावलं. “धागा बांधा,” ती म्हणाली. त्यांनी धाग्याचं टोक चिमटीत धरलं, सरळ घंटेच्या मागे नेलं आणि थांबले. “जागाच न्हाई इथं.”

मग मुंजाजी. त्यानं धागा घेतला नाहीच. घंटेमागे बोट टेकवलं आणि मान हलवली.

मग बसवेश. त्यानं दांड्याला तीन वेढे घातले आणि गाठ मारली. “झालं. आता?”

शेवटी गुंडप्पा. मुलीनं पुढे केलेला धागा त्यांनी हिसकावून घेतला. “पोरखेळ लावलाय!” म्हणत पाच वेढे घातले, गाठ मारली, टोकं नीट ओढून घट्ट केली. “बास?”

कोपऱ्यात बसलेल्या गंगासागरबाईंनी पुढे होऊन हातानं ती गाठ चाचपली. “आरं गुंडप्पा,” त्या म्हणाल्या, “असा बांधायचा आसता तर काल मी रडले कशाला आसते?”

गुंडप्पांना त्याचा अर्थ लागला नाही. शिवांजलीनं बाकीच्यांना आत बोलावलं.

“हा दांडा नकली आहे. मी कोरलाय. मला ठाऊक नव्हतं कशाची नक्कल करतेय. मूळ दांड्याची जाळी हैदराबादहून सीडीवर आली. ती उलगडली तेव्हा घंटेमागे पोकळी दिसली. मशीनला ती पेलत नाही, ती बुजणार होती. हातानं कोरून काढता आली असती, अर्ध्या तासाचं काम. म्हणून मी विचारलं. उत्तर आलं, बुजू दे. ज्यानं ‘बुजू दे’ म्हटलं त्याला धागा तिथून जातो हे माहीत नव्हतं.”

ती सानपांकडे वळली. “मुंजाजीकाकांनी नक्कल केली असती तर पहिली ती पोकळी कोरली असती. त्यांनी त्यातलं सूत स्वतः काढलंय. योगीराज स्वामींनाही माहीत. राहिले दोघं, ज्यांनी आत्ता वेढे घातले. बसवेशकडं पेटीची किल्ली नाही. किल्ली, मशीन आणि हे अज्ञान, तिन्ही एकाच माणसाकडं आहेत.”

“शिवांजली!” गुंडप्पांचा आवाज फाटला.

“काल तुम्ही पाठमोरे होतात, अप्पा. कापड निघालं नव्हतं. धागा जाईना एवढंच ऐकू आलं होतं. सगळ्यांना वाटलं मेण आहे. तुम्हाला एकट्यालाच कसं कळलं की दांडा बदललाय?”

बाहेर कोळशाची मालगाडी जात होती, ती संपेपर्यंत सानप थांबले.

“बोला शेठ. मूळ दांडा कुठंय?”

गुंडप्पांनी नाकारायला तोंड उघडलं. मग त्यांना सगळ्यांचे चेहरे दिसले असावेत. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि एकदम चिडून बोलायला लागले, जसं काही अन्याय त्यांच्यावरच झाला होता.

“गेला. हैदराबादच्या दलालानं बाहेरदेशी पाठिवला. आता न्हाई मिळत. आन काय बिघडलं? वरसभर अंधारात पडून ऱ्हाणारं लाकूड! कुनी बघतंय का त्याला? धागा बांधायला एक दांडा पायजे, तो दिला की मी. हुबेहूब दिला.” त्यांनी मुलीकडे बोट केलं. “आन तू! तू मला इचारतीस? ज्या मशीनवर तू दिवसभर बसतीस ते कुठून आलं, इचारलंस कधी? त्या दलालाच्या इसारातनं आलं. मोठी डिझायनर झालीस ना? त्याच लाकडावर झालीस!”

शिवांजलीला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. राग आला नाही. लाज आली, आणि ती कुठं ठेवावी ते कळेना. नवं मशीन आलं त्या दिवशी तिनंच गल्लीभर पेढे वाटले होते.

“मुंजाजीचं नाव कावून घेतलं?” सानपांनी विचारलं.

“दुसऱ्या कुनाचं पटलं आसतं लोकांना?” गुंडप्पा म्हणाले. ते इतकं सहज म्हणाले की गंगासागरबाईंनी कानावर हात ठेवले.

*

गुंडप्पांना जीपमध्ये बसवलं. गल्ली गोळा झाली होती. जी तोंडं काल मुंजाजीला चोर म्हणत होती तीच आज तितक्याच चवीनं दुसरं नाव चघळत होती, आणि म्हाताऱ्याला कुणी साधं ‘चुकलं’ म्हटलं नाही.

मुंजाजी मठाच्या पायरीवर चपला शोधत होता. शिवांजली त्याच्याजवळ बसली.

“काका, ठाण्यात दांडा बघितल्या बघितल्याच तुम्ही ओळखलं होतं ना, मशीनचा आहे म्हणून?”

“हां.”

“मग बोलला का नाही? दोन दिवस बाकावर बसलात. उद्या कोर्टात नेणार होते.”

“काय बोलू?” मुंजाजीनं एक चप्पल पायात सरकवली. “मशीन जिल्ह्यात येकच. त्याच्यावर बसणारी येकच.”

“तुम्हाला वाटलं, मी चोरला?”

“वाटलं.” त्यानं लपवलं नाही. “मी म्हनलं, पोरगी हाय. चुकली आसंल. तिचं लगीन व्हायचंय, सगळं व्हायचंय. माझं काय ऱ्हायलंय? जाऊ दे मला आत.”

“मला एकदा विचारायचं तरी, काका! मी डबा घेऊन समोर उभी होते.”

“भ्या वाटलं.”

“कशाचं?”

“तू हो म्हनली आसतीस तर?”

दुसरी चप्पल सापडली. मुंजाजी गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि तिच्या डोक्यावर हात न ठेवता गल्लीतून निघून गेला. तिनं हाक मारली नाही. तो चुकीचं काय समजला होता? दांडा तिनंच कोरला होता, आणि चांगला कोरला होता.

सानपांनी जबाबासाठी सहा वाजता यायला सांगितलं होतं. त्याआधी घरी जायला हवं होतं. आई देवघरात बसली असेल आणि अप्पांना जीपमध्ये बसवलं हे अजून तिच्या कानावर गेलं नसेल. सांगायचं शिवांजलीलाच होतं.